पहिल्या मिनिटाचं काय करायचं?

मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला सुरू झाली की नाशिककर मांडी ठोकून तासभर ऐकतात. ऐकायची सवय या गावाला जुनीच. पण त्याच श्रोत्याला कुणी ‘तुम्हीही दोन शब्द बोला’ म्हणालं, की तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. या वेळची सहाही पत्रं त्या दोन शब्दांबद्दलची आहेत.

प्रश्न : अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. ग्राहक कंपनीचे ऑडिटर आले की रिजेक्शनची, म्हणजे बाद झालेल्या मालाची, आकडेवारी मला मांडावी लागते. आकडे तोंडपाठ असतात, पण पहिल्याच स्लाइडला आवाज कापतो, तोंड कोरडं पडतं, लेझर पॉइंटर थरथरतो. सगळ्यांना ते दिसतंय असं वाटून मी पंधरा मिनिटांचं सहा मिनिटांत उरकतो.

आधी पॉइंटर खिशात ठेवा. मनगट अर्ध्या अंशानं हललं तरी चार मीटरवरच्या पडद्यावर तो लाल ठिपका साडेतीन सेंटीमीटर उडतो. तुमच्या हाताची थरथर कुणाच्या लक्षातही आली नसती, ती तुम्हीच मोठी करून दाखवता. जो आकडा दाखवायचा, तो स्लाइडवर आधीच रंगवून ठेवा. हातात कागद लागतच असेल तर ए-फोरचं पान नको, ते फडफडतं. पोस्टकार्डाएवढा जाड तुकडा घ्या.

आता आवाज आणि तोंड. समोर धोका दिसला की शरीर अॅड्रिनलिन सोडतं. त्यानं ठोके वाढतात, लाळ कमी होते, श्वास वरवर चालतो आणि स्नायू ताठ होतात. कंठाचे स्नायूही त्यात आलेच, म्हणून आवाज चढतो आणि कापतो. बहुतेकांमध्ये हा जोर बोलायला सुरुवात करताना सर्वांत जास्त असतो आणि बोलत राहिलं की पुढच्या एक-दोन मिनिटांत उतरू लागतो. तुम्ही मात्र भरधाव सुटता. हवा कमी पडते, आवाज आणखी कापतो, आणि भीती उतरलेली अनुभवायच्या आतच तुम्ही खाली बसता. सुटका झाली ती लवकर संपवल्यामुळे, एवढंच डोक्यात राहतं. पुढच्या ऑडिटला भीती तेवढीच असते.

म्हणून तयारी त्या पहिल्या मिनिटाची करा. बोलायच्या तीन मिनिटं आधी चार मोजत नाकानं श्वास घ्या, सहा मोजत सोडा. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. ‘खोल श्वास घ्या’ हा सल्ला अर्धवट आहे. मोठे श्वास भराभर घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणसाला वाटतं आता चक्करच येणार. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे ताठ लॉक करू नका. पहिली दोन वाक्यं पाठ हवीत, बाकी काही पाठ नको. उदाहरणार्थ : ‘मागच्या तिमाहीत रिजेक्शन कुठे वाढलं, कशानं वाढलं आणि आम्ही काय बदललं, हे पंधरा मिनिटांत सांगतो.’ त्यानंतर साधं पाणी एक घोट. हा घोट ठरवूनच ठेवा, म्हणजे तोंडही ओलं होतं आणि वेगालाही लगाम बसतो. प्रत्येक आकड्यानंतर दोन सेकंद थांबा. तुम्हाला ते फार वाटतात, ऑडिटरला तेवढा वेळ आकडा लिहून घ्यायला लागतोच. घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून मिनिटाचे शब्द मोजा. मराठीत शंभर-एकशेवीस असतील तर ठीक, दीडशेच्या वर गेलात तर सहा मिनिटांचं कोडं सुटलं.

सगळ्यांना दिसतं, हा समज केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये तपासला. आपली घबराट जेवढी बाहेर दिसते असं वक्त्यांना वाटतं, तेवढी ती श्रोत्यांना दिसत नाही. आणि ज्यांना ही गोष्ट आधीच सांगितली होती त्या वक्त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस ठरली.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत तिसऱ्या मिनिटाला विसरला, रडत खाली आला. आता वर्गात उत्तर द्यायलाही उभा राहत नाही. पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा आहे. पाठवू का?

पुढच्या महिन्यात नको. पण ‘आता कधीच नको’ असंही ठरू देऊ नका.

तो विसरला याचं कारण बहुधा त्याच्या तयारीत आहे. शब्दन्‌शब्द पाठ केलेलं भाषण ही एकेरी साखळी असते, प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या शेपटीला बांधलेलं. भीतीत एक कडी निसटली की पुढचं सगळं असूनही सापडत नाही. त्यावर ‘अजून पाठांतर कर’ हा उपाय म्हणजे तीच साखळी आणखी लांब करणं. पाच मिनिटांच्या भाषणाचे चार थांबे करा. विषय गोदावरीचं प्रदूषण असेल, तर पहिला थांबा रामकुंड, दुसरा नाला, तिसरा पानवेली, चौथा ‘आपण काय करू’. प्रत्येक थांब्याचं चित्र त्यालाच काढू द्या. मग कधी तिसऱ्यापासून सुरू करायला सांगा, कधी चौथ्यावरून दुसऱ्यावर यायला. रोज शब्द थोडे वेगळे आले तर टोकू नका, तेच हवंय. नंतर मुद्दाम मधेच बेल वाजवा, भांडं पाडा आणि त्याला सावरू द्या. सावरायची रीत एकच : शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणायचं आणि सरळ पुढच्या थांब्यावर जायचं. गाळलेला भाग परीक्षकांना ठाऊक नसतो.

‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ हे एका ओळीत आवरा. परीक्षकांनी ते सकाळपासून तीस वेळा ऐकलेलं असतं. बसवून घेतलेले हातवारेही सोडून द्या, नाहीतर तीही एक जादा साखळी होते.

क्रम असा ठेवा : पहिल्या आठवड्यात आजीला दोन मिनिटं, मग दोन मित्रांना, मग वर्गशिक्षकांशी बोलून बाकावरूनच एका वाक्याचं उत्तर, मग फळ्यापाशी उभं राहून एक मिनिट. प्रत्येक पायरी तीन-चार वेळा. स्पर्धेचा विचार त्यानंतर. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून ओठ हलवून आठवण करून देत असाल तर ते थांबवा. त्याची नजर तुमच्या ओठांवर अडकते. ‘घाबरू नको, शांत हो’ याचाही उपयोग कमी. धडधडणारं काळीज हुकमानं थांबत नाही, पण त्याच धडधडीला ‘मला हुरूप आलाय’ म्हणता येतं. संशोधक अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्वतःला असं सांगून उभे राहिलेले वक्ते, शांत राहायचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त प्रभावी वाटले.

प्रश्न : निफाड तालुक्यातल्या एका गावची मी सरपंच आहे. ग्रामसभेत मी दोन वाक्यं बोलते, तोवर कुणीतरी मधेच ओरडतं. मग आमचे हेच उठून बोलतात. माईकही कुईई करतो.

सरपंचताई, सर्वांत सोपी गोष्ट आधी. माईक शिट्टी मारतो, कारण भोंग्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो. भोंगे तुमच्या पुढे, गावाकडे तोंड करून असावेत, तुम्ही त्यांच्या मागे. माईकची जाळी मुठीत धरली की शिट्टी वाढते, दांडा धरा. हातातला माईक हनुवटीसमोर, ओठांपासून चार बोटांवर ठेवा. मान वळली की माईकही वळला पाहिजे, नाहीतर अर्धं वाक्य हवेत जातं. ‘हॅलो, हॅलो’ करत टकटक किंवा फुंकर नको, सभेआधी दहा मिनिटं येऊन एक पूर्ण वाक्य बोलून बघा.

यजमानांचं बोलणं तुम्हाला आधार वाटतो, पण तुमची भीती टिकते ती त्याच आधारावर. दर वेळी ते उठतात, आणि ‘मला जमलं नसतं’ हे तुमच्या मनात आणखी घट्ट होतं. गावालाही कळतं की ओरडलं की सरपंच बदलतो. सभेच्या अध्यक्ष तुम्ही आहात. पुढच्या सभेला त्यांना मागच्या रांगेत बसायला सांगा. कुणी त्यांना प्रश्न विचारला, तर ‘सरपंच सांगतील’ एवढं एकच वाक्य त्यांच्याकडे द्या.

सराव ग्रामसभेआधीच्या महिला सभेत करा. विषयपत्रिकेतला एकच विषय निवडा, तीन वाक्यांत मांडा : काय करायचं, किती खर्च, कधीपर्यंत. मोठ्या सभेत तोच विषय, तीच तीन वाक्यं.

मधेच कुणी बोललं तर आवाज चढवू नका, माईक असलेल्याला त्याची गरज नसते. थांबा, त्या माणसाकडे पाहा, तीन मोजा, मग : ‘भाऊ, तुमचा मुद्दा पाण्याचा आहे, लिहून घेतला. रस्त्याचा विषय संपला की पहिला तुम्हाला माईक.’ आणि तो खरंच द्या. एकदा शब्द पाळला की पुढच्या वेळी त्याच तोंडून ‘अरे, ताईंना बोलू द्या’ ऐकू येण्याची शक्यता बरीच असते.

प्रश्न : मी बागलाणचा, नाशिकच्या शाळेत शिक्षक लागलो. घरी अहिराणी. बोलताना ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘य’. पालकसभेत लोक हसतील म्हणून मी बोलायचंच टाळतो.

गुरुजी, तुम्ही एकाच वेळी दोन कामं करता : काय सांगायचं ते आठवणं आणि तोंडातून ‘न’ निसटू नये म्हणून पहारा देणं. लक्ष वाटलं गेलं की दोन्ही बिघडतात. सभेत पहारा बंद ठेवा. उच्चार बदलायचा असेलच तर घरी, आरशासमोर, रोज दहा शब्द : बाण, पाणी, शाळा, फळा. ‘ण’ आणि ‘ळ’ला जीभ उलटी वळून टाळूला लागते, ‘न’ला ती दातांमागेच राहते, एवढं कळलं की महिन्याभरात फरक ऐकू येतो. न बदलायचा असेल तरी काही अडत नाही.

अडतं ते भलतीकडेच. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही. श्वास संपत आला की आवाज तिथेच पडतो. ‘शनिवारी जादा तास होणार नाही’ यातला ‘नाही’ मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही, तर शनिवारी पालक मुलं घेऊन फाटकाशी हजर. ही चूक शुद्ध बोलणारेही सर्रास करतात. उपाय : रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचा, जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीनं तिरकी रेघ मारा, आणि शेवटचा शब्द पहिल्याइतकाच मोठा ठेवा. बारा शब्दांपलीकडचं वाक्य तोडून दोन करा.

प्रश्न : प्रेझेंटेशनआधी मित्रानं प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली, हात थरथरले नाहीत. दर वेळी घेतली तर चालेल?

डॉक्टरांना न विचारता, नाही. ही गोळी हृदयावरचा आणि स्नायूंवरचा अॅड्रिनलिनचा परिणाम अडवते, म्हणून धडधड आणि थरथर कमी होते. दमा असलेल्याला तिनं श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकतं. नाडी मुळात मंद किंवा रक्तदाब कमी असेल तर धोका. इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरल्याची धडधड जाणवतच नाही. मित्राला यातलं काही नसेल, तुमचं त्याला काय माहीत? शिवाय ‘जमलं ते गोळीमुळे’ असं मनानं धरलं की ती खिशात नसलेल्या दिवशी भीती दुप्पट.

भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली असेल, तिच्यापायी बढती किंवा परीक्षा सोडली जात असेल, किंवा बोलण्याआधी दारू लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धत या भीतीवर चांगली लागू पडते. सुरुवात फोनवरून करायची तर टेलिमानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास आहे.

प्रश्न : वय 52. तीन कार्यशाळा केल्या. दोन दिवस बरं वाटतं, महिन्यानं भीती परत. सराव करायचा कुठे?

कार्यशाळेत टाळ्या वाजवणारे सगळे तुमच्यासारखेच शिकाऊ असतात. तिथे गेलेली भीती त्या खोलीपुरतीच गेलेली असते. ती वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या लोकांसमोर आणि थोड्या थोड्या दिवसांनी मोडावी लागते. महिन्याचा खंड पडला की मेंदू जुन्याच वाटेला लागतो.

वहीत दहा प्रसंग लिहा, प्रत्येकाला भीतीचे 0 ते 100 गुण द्या. तीस-चाळीसवाल्यापासून सुरुवात करा. पाचवर वेळ वाया जातो, नव्वदवर उडी मारली तर माणूस पळतो. आठवड्यात तोच प्रसंग तीनदा करा, आधीचे आणि नंतरचे गुण लिहा, निम्म्यावर आले की वरची पायरी. सोसायटीच्या सभेत एक सूचना, नातेवाइकाच्या साठीशांतीला एक मिनिट, भिशीच्या गटात आभार. भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या ‘टोस्टमास्टर्स’ क्लबात तर घड्याळ लावूनच सराव असतो : ऐनवेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं, पहिलं तयार भाषण चार ते सहा मिनिटांचं, आणि तुमचे ‘अं’, ‘म्हणजे’ मोजायला एक माणूस नेमलेला. 1924 पासून हे क्लब चालू आहेत, कारण तिथे पाळी दर काही दिवसांनी येत राहते.

‘लोकांच्या डोक्यावरून पाहा’ हा सल्ला विसरा. तोही एक आडोसाच. एका माणसाकडे एक वाक्य संपेपर्यंत पाहा, मग दुसऱ्याकडे.

आणि फुकटातली, बहुतेकांना सुचत नाही अशी पायरी : सार्वजनिक वाचनालय 1840 पासून या गावात आहे, कुसुमाग्रज स्मारक आहे, कुठे ना कुठे व्याख्यान असतंच. जिथे वक्ता शेवटी प्रश्न घेतो तिथे जा. प्रश्न आधीच चिठ्ठीवर लिहा, वीस सेकंदांत बसेल एवढाच. पहिला हात तुमचा वर गेला पाहिजे, थांबलात तर धडधड वाढत जाते आणि वेळ संपते. उभं राहा, चिठ्ठी खिशातच ठेवून विचारा. आणि विचारून झाल्या झाल्या खाली बसू नका, वक्त्याचं उत्तर संपेपर्यंत उभेच राहा.