घरची बिअर : चोथा आणि साका

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. हल्ली मी घरी बिअर करतो. भिजवलेले मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि उकळलेले हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले), दोन्ही स्वयंपाकघरातल्या गाळणीने गाळतो. ती लगेच तुंबते, आणि मलमलीचे फडके घेतले तर थेंब थेंब गळत राहते. एवढे करूनही बाटलीत हिरवट गाळ येतो. कोणती गाळणी घ्यावी?
— एक वाचक

उत्तर : गाळणी बदलून हा प्रश्न सुटणार नाही. धान्याचा चोथा स्वतःच गाळणीचे काम करतो, तर हॉप्सचा गाळ इतका बारीक असतो की तो गाळत बसण्यापेक्षा त्याचा साका बसू देणेच शहाणपणाचे.

बार्लीचा दाणा फुटावा पण टरफल शाबूत राहावे, इतपतच भरड असावी. पीठ झाले की लगदा होऊन पाणी अडते. ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजल्यावर भांड्यातल्या जाळीवर टरफलांचा थर बसतो. तोटी थोडीच उघडून पहिले एक-दोन लिटर गढूळ पाणी अलगद पुन्हा वर ओतावे आणि धार निवळली की मगच ती उकळण्याच्या पातेल्यात घ्यावी. चोथा धुण्याचे पाणी ७७ अंशांच्या वर नेऊ नये, नाहीतर टरफलांचा तुरटपणा उतरतो. गव्हाला टरफल नसते, म्हणून त्याचे प्रमाण मोठे असेल तर भाताचे तूस मिसळतात. जाळीचे भांडे नसेल तर धान्य नायलॉनच्या मोठ्या पिशवीत भिजवून शेवटी पिशवी उचलून निथळू द्यावी. ती पिळू नये असे ठासून सांगणारे पुष्कळ भेटतील. हलक्या हाताने पिळल्यास काही बिघडत नाही, असे आमचे मत आहे.

हॉप्सच्या गोळ्या म्हणजे दाबलेली पूड. उकळीत तिचा चिखल होतो आणि तोच तुमची गाळणी तुंबवतो. आच बंद केल्यावर पळीने एकाच दिशेने जोरात ढवळून पातेले पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावे. गाळ मधोमध ढिगासारखा जमतो आणि कडेने नळी लावून वरचे द्रव काढता येते. तळाचे लिटरभर सोडून द्यायला मन धजत नाही, पण तेवढा लोभ आवरावा. द्रव थंड झाल्यावर त्याला जे जे लागेल ते निर्जंतुक हवे. चहाची गाळणी तिथे मुळीच नको.

आंबवणे संपल्यावर तर बिअर गाळूच नये, कारण हवा लागली की तिला भिजल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. सुगंधासाठी नंतर हॉप्स घालत असाल तर ते निर्जंतुक पिशवीत घालावेत. मग भांडे दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून वरची नितळ बिअर नळीने काढावी. बाटलीच्या तळाशी उरणारा पांढुरका थर यीस्टचा असतो, त्याची काळजी नको.

(ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय ती करणे गुन्हा आहे, हे इथल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.)

धान्याचा चोथा त्याच दिवशी कोंबड्यांना घालता येतो किंवा वाळवून भाकरीच्या पिठात मिसळता येतो. हॉप्सचा चोथा मात्र कुत्र्यांना विषारी असल्याने घरात कुत्रा असेल तर तो उघड्यावर टाकू नये.