भाड्यातून रंगकाम वळते करावे का?

प्रश्न : कोथरूडमधील आमचा फ्लॅट दोन वर्षांपासून लिव्ह अँड लायसन्स कराराने एका दांपत्याला दिला आहे. भाडे दरमहा २४ हजार रुपये. नव्या कराराच्या वेळी ते म्हणतात की, संपूर्ण घराचा रंग आणि बाथरूमलगतच्या भिंतीची दुरुस्ती ते स्वतः करून घेतील. त्याबदल्यात दोन महिन्यांचे भाडे सोडावे. माणसे चांगली आहेत. होकार द्यावा का?

उत्तर : रंगापुरता जरूर द्यावा, भिंतीचे काम मात्र स्वतःकडे ठेवावे. भिंतीला पोपडे आले असतील, तर ओल कुठून येते हे प्लंबरकडून पाहून घेतल्याशिवाय तिच्यावर पुट्टी भरू देऊ नका. ओलीवर मारलेला रंग पावसाळ्यात फुगतो आणि सूट देऊनही काम पुन्हा तुमच्याच गळ्यात पडते. पाणी वरच्या फ्लॅटमधून झिरपत असेल, तर त्या वादात राहणाऱ्यांना ओढणे योग्यही नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार मालकाने दुरुस्ती टाळल्यास भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करून घेऊ शकतो. आपण बोलताना सगळ्यांनाच भाडेकरू म्हणत असलो, तरी लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला हा हक्क आपोआप मिळत नाही. त्यामुळे तुमच्या बाबतीत करारात काय लिहिले आहे, यालाच महत्त्व. दुसरीकडे, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे कलम ६० असे सांगते की, परवानाधारकाने, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने, परवान्याच्या आधारे स्वखर्चाने कायम स्वरूपाचे काम केले असेल, तर तो परवाना मालकाला रद्द करता येत नाही. रंगाने असा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पण उद्या ओटा किंवा फरशी बदलण्याचा प्रस्ताव आला, तर ते काम तुमच्याच पैशाने करा.

सूट ‘दोन महिने’ अशी मोघम ठरवू नका. ४८ हजार रुपये रंगाला जास्त आहेत की कमी, हे दोन रंगाऱ्यांची कोटेशने हाती आल्यावरच कळेल. रक्कम ठरवून, काम पाहिल्यानंतर ती तीन-चार महिन्यांच्या भाड्यातून वळती करा. ते दोघे रविवारी स्वतः ब्रश हाती घेणार असतील, तर सामानाची बिले आणि मजुरीचा ठरावीक आकडा पुरे. त्यांना घरभाडे भत्त्यावरील करसवलत मिळत असेल, तर ती प्रत्यक्ष भरलेल्या भाड्यावरच मोजली जाते, हे त्यांनाही आधी सांगावे.

हे सर्व नोंदणीकृत करारातच घ्या. घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. यंदाचा रंग त्यांनी केला असल्याने ती कपात होणार नाही, हेही त्याच कलमात लिहा.