उपदेशकाच्या पुस्तकातला ‘व्यर्थ’

प्रश्न : आम्ही नवापूर तालुक्यातले ख्रिस्ती. वडिलांच्या दफनविधीला पाळकसाहेबांनी ‘व्यर्थ हो व्यर्थ! सर्व काही व्यर्थ!’ हे वचन वाचलं. वडिलांनी जन्मभर वावरात घाम गाळला. ते सगळं निरर्थक होतं, असं शास्त्र म्हणतं का?

उत्तर : शास्त्र असं म्हणत नाही. वडील गेल्याचं दुःख ताजं असताना हा शब्द कानाला किती बोचला असेल, ते समजू शकतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे वचन बायबलच्या जुन्या करारातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकातलं (1:2). तिथे ‘व्यर्थ’साठी मूळ हिब्रू शब्द आहे ‘हेवेल’. श्वास, वाफ हा त्याचा पहिला अर्थ. हिवाळ्यात रंगावलीच्या काठी पहाटे धुई उतरते, तसं समजा. डोळ्यांना दिसते, मुठीत येत नाही आणि ऊन चढलं की जाते. आदामाचा मुलगा काइन, त्याच्या धाकट्या भावाचं, हाबेलाचं, हिब्रू नाव हेच. फार लवकर मारला गेलेला तो. स्तोत्रसंहितेच्या 39व्या आणि 144व्या स्तोत्रातही माणसाला हाच शब्द लावला आहे. नव्या करारात याकोबाच्या पत्रात (4:14) तर आपल्या मराठी शास्त्रातच ‘वाफ’ आली आहे : थोडा वेळ दिसते, मग दिसेनाशी होते.

उपदेशकाच्या छोट्याशा पुस्तकात हेवेल 38 वेळा येतो. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने त्याचं ‘व्हॅनिटास’ केलं, म्हणजे पोकळपणा. मराठीतला ‘व्यर्थ’ त्याच अंगाने जातो : वि अधिक अर्थ, ज्यातून अर्थ निघून गेला ते. हे भाषांतर चूक आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या अध्यायात, एकाने कष्ट करायचे आणि न कष्टलेल्याच्या हाती सगळं सोडून जायचं, या व्यथेला ‘व्यर्थ’ नेमका बसतो. पण हेवेलची ती एकच छटा. क्षणभंगुर, हाती न ठरणारं, उमज न पडणारं, हेही त्यात आहे. आणि ते ‘व्यर्थ’मध्ये ऐकू येत नाही.

‘व्यर्थ हो व्यर्थ’च्या लगेच पुढचं वचन (1:3) मला जास्त मोलाचं वाटतं : माणूस भूतलावर एवढे परिश्रम करतो, त्यात त्याला काय लाभ? ‘लाभ’साठी मूळ शब्द आहे ‘यित्रोन’. त्याचा धातू ‘उरणे’ या अर्थाचा, आणि अख्ख्या जुन्या करारात हा शब्द फक्त याच पुस्तकात भेटतो. आपल्याकडे कापूस विकून, बी-खताची उधारी चुकवून घरी आलेल्या माणसाला अहिराणीत विचारतात, ‘हातमा काय उरनं?’ उपदेशकाचा प्रश्न अक्षरशः हाच आहे. ‘भूतलावर’ जिथे छापलं आहे तिथे मूळात ‘सूर्याच्या खाली’ असे शब्द आहेत. वैशाखात वावरात राबलेल्याला त्यांचा भार वेगळा सांगायला नको.

आता उत्तर बघा. हाती काही उरत नाही, हे तो मान्य करतो. पण म्हणून राबू नका, असं कुठेही म्हणत नाही. खावं, प्यावं, आपल्या श्रमात सुख मानावं, ही देवाची देणगी आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो (2:24, 3:13, 5:18). हेवेल म्हणजे निव्वळ निरर्थक असता तर ही वचनं त्या पुस्तकात उपरी वाटली असती. श्वास म्हणून वाचा, मग ती जागेवर बसतात : थोडा वेळ मिळालेलं, म्हणून कृतज्ञतेने घ्यायचं. 3:11 मध्ये तो म्हणतो की देवाने माणसाच्या मनात अनंतकाळ घातला आहे. माणसाचं मन शिल्लक शोधतं ते त्यामुळेच, अशी माझी श्रद्धा आहे. आणि शेवटी, 12:13 मध्ये, देवाचं भय धर आणि त्याच्या आज्ञा पाळ. इथलं ‘भय’ म्हणजे थरकाप नव्हे. त्यात आदर आहे, भीड आहे.

तेव्हा तुमच्या वडिलांच्या घामाला शास्त्र निरर्थक म्हणत नाही. तो घाम आणि संध्याकाळी घरी बसून खाल्लेली भाकर, दोन्ही त्याच देणगीत येतात. वर्षश्राद्धाच्या जागी आपल्याकडे स्मरणार्थ उपासना होते, तेव्हा पाळकसाहेबांना 1:2 च्या जोडीला 3:11 ते 13 वाचायला जरूर सांगा. पहिलं वचन गाळू नका. दुःखाच्या घरात तेही खरंच आहे.