माळवदाच्या घरावर सोलर, शेतात पंप की गोबरगॅस: आधी काय करावं?

तुम्ही विचारलंय: परभणीकडे गावी आई-वडील माळवदाच्या (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या) घरात राहतात, चार एकर रान, एक बोअर, दोन म्हशी आणि एक बैलजोडी आहे. यातलं आधी काय करावं, आणि घरावर सोलर बसवलं तर लाईट गेल्यावर पंखा चालेल का?

पंख्याचं आधी सांगतो, कारण जास्तीत जास्त लोक तिथेच फसतात. नाही चालणार. अनुदानातून घरांवर बसते ती बहुधा ऑन-ग्रिड सिस्टीम, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाईनला जोडलेली. लाईन गेली की तिचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) आपोआप बंद पडतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट लागेल. लाईट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम घ्यावी लागेल, आणि ती बरीच महाग पडते. १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरा. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण दोन म्हाताऱ्या माणसांचं बिल महिन्याला पन्नास युनिटांच्या आत असेल, तर घराचं सोलर सध्या राहू द्या.

आणि बसवलंच तर माळवदात स्ट्रक्चरचे पाय रोवू देऊ नका. वरचा मातीचा थर फुटला की पाणी थेट लाकडात मुरतं. अंगणात वेगळी लोखंडी उभारणी करा. पॅनल बोअरच्या पाण्याने धुऊन तसेच वाळू दिले तर काचेवर क्षारांचे पांढरे डाग धरतात, नंतर ते घासूनही निघत नाहीत. सकाळी काच गार असताना धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

तुमच्या जागी मी आधी शेतातला सोलर पंप घेईन. वडलांना रात्रीच्या लाईटसाठी रानात जावं लागतं, साप-विंचवाचं भय असतं. दिवसा पाणी देता येणं हा मोठा फायदा आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत चार एकराला ५ एचपीचा पंप मिळतो. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के.

मात्र आपल्याकडे विजेचा विचार पाण्याला सोडून करताच येत नाही. २०१५ साली पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाच्या विजेला वाफेसाठी आणि थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागतं, पॅनलला धुण्यापुरतं. त्या हिशेबाने सौर वीज मराठवाड्याला फार मोलाची आहे. पण पंप फुकट चालतो म्हणून दिवसभर चालू ठेवला तर बोअर आधी आटेल. आपल्या काळ्या पाषाणात पाणी फटींमधून झिरपतं, तेवढंच साठतं. म्हणून पंपासोबत ठिबक घ्याच, आणि पंप आला म्हणून ऊस लावू नका. हे मी कळकळीने सांगतोय.

गोबरगॅस तुमच्याकडे जमेल. २ घनमीटरच्या प्लांटला रोज सुमारे ५० किलो शेण आणि जवळपास तेवढंच पाणी लागतं. चार मोठ्या जनावरांचं शेण जेमतेम पुरेल. आईची पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीपुढची धुरातली बैठक सुटेल, शिवाय स्लरी (गॅस निघाल्यावर उरलेला शेणाचा पातळ काला) रानात खत म्हणून जाईल. फक्त उन्हाळ्यात कडबा महागला की जनावरं विकायची वेळ येते का, ते वडलांना विचारा. येत असेल तर खड्डा खणायची घाई नको.