वडिलांच्या ऑपरेशनसाठी सगळे नवे मॉनिटर असलेलं हॉस्पिटल निवडावं का?

तुम्ही मॉनिटरचं विचारलंत म्हणून लिहायला बसले. १९ वर्षं मी नर्स म्हणून सर्जिकल वॉर्डात काढलीत. मॉनिटर नंतर बघा, आधी रात्री वॉर्डात किती नर्स असतात ते विचारा.

बेड नंबर १४. साठीचे काका, आतड्याच्या ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. वॉर्डात २२ पेशंट आणि नाइटला आम्ही दोघी. मॉनिटर त्याच महिन्यात लागलेले. दहा वाजता मी श्वासाचा आकडा स्क्रीनवर बघून चार्टवर उतरवला, १८. मोजला नाही. पलीकडे एकाला उलट्या होत होत्या, एका आजींचं सलाईन बाहेर जाऊन हात सुजला होता. तो १८ माझ्याच अक्षरात आहे, आजही डोळ्यांसमोर येतो.

दोनच्या सुमाराला काका चादर चिमटीत धरून ओढत होते. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, "नाही गं पोरी, कसंतरीच होतंय." स्क्रीनवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९७, श्वास अजून १८च. छातीवर हात ठेवला, घड्याळ बघत पूर्ण मिनिट मोजलं. ३२. पोट फळीसारखं कडक.

हे मॉनिटर श्वास मोजतात ते ईसीजीच्या छातीवरच्या पट्ट्यांवरून. पट्टी घामाने सुटली की आकडा भरकटतो. आणि ऑक्सिजन लावलेला असला की सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं दिसत राहतं, माणूस मात्र आतून खचत असतो. पेशंट किती बिघडलाय हे गुण देऊन ठरवणारा 'न्यूज' (NEWS) तक्ता ब्रिटनमध्ये २०१२ साली आला; गुण जास्त म्हणजे धोका जास्त. त्यात मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असले तर तेवढ्यावरच ३ गुण पडतात, आणि डॉक्टरांनी तातडीने पेशंट बघायचा असतो.

आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलातले ड्युटीवरचे डॉक्टर, फोनवर म्हणाले, "सॅच्युरेशन ९७ आहे ना सिस्टर? सकाळी बघू." मी सरळ सर्जनना घरी फोन लावला. पहाटे पोट पुन्हा उघडलं, आतड्याचा जोड गळत होता. काका तीन आठवड्यांनी चालत घरी गेले.

माझे धाकटे दीर हॉस्पिटलांना हीच मशीनं विकतात. दर दिवाळीला एकच वाक्य: "वहिनी, सेंट्रल मॉनिटर बसला की रात्री एक सिस्टर पुरते." सेंट्रल मॉनिटर म्हणजे सगळ्या बेडचे आकडे एकाच स्क्रीनवर. नाही पुरत, भाऊजी. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या ९ देशांमधल्या ३०० हॉस्पिटलांचा अभ्यास आला होता. त्यात ऑपरेशनच्या पेशंटांमध्ये, नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियात तर हे प्रमाण कायद्यानेच ठरवलंय, सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे जास्तीत जास्त ५ पेशंट. आम्ही ११ सांभाळत होतो.

मशीन वाईट असं म्हणत नाही मी. इन्फ्युजन पंप नसताना आम्ही सलाईनचे थेंब मोजत बसायचो, ते दिवस परत नकोत. आयसीयूत तर मॉनिटर हवाच. शिवाय हे ऑपरेशन कोणतं, वडिलांना शुगर-बीपी आहे का, यावरही बरंच अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. सर्जन कोण, हे तर बघाच.

पण दाखल करण्याआधी एकदा रात्री नऊनंतर त्या वॉर्डात जाऊन या. सिस्टर किती, पेशंट किती, मोजा. अलार्म वाजला की कोणी उठून बेडपाशी जातं की लांबूनच बंद करतं, तेही बघा.