चाळिशीत पिशवी काढलेल्या आईला हाडांची तपासणी कशाला?

तुम्ही लिहिलंय की आई ५४ वर्षांच्या आहेत, ४१व्या वर्षी पिशवी काढली, कॅल्शियमची गोळी चुकवत नाहीत, पहाटे तलावपाळीला फेऱ्याही मारतात. मग डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, का सांगितली? मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. स्कॅन जरूर करा, आणि त्याआधी घरात ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा.

नुसती पिशवी काढली, की दोन्ही ओव्हरीही, एवढंच त्यात बघायचं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना हे ठाऊक नसतं, कुणी त्यांना नीट सांगितलेलंच नसतं. याचं मला फार वाईट वाटतं. ओव्हरीत तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन हाडांची झीज रोखून धरतं. दोन्ही ओव्हरी काढल्या असतील तर ते एकाएकी तुटलं, म्हणजे आईंची रजोनिवृत्ती ४१लाच झाली. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यांत वेगाने विरळ होतात. आईंची ती वर्षं कधीच सरली, आणि नुसत्या कॅल्शियमने ती झीज भरून येत नाही. ओव्हरी ठेवल्या असतील तरी पिशवी नसल्याने पाळी येत नाही, त्यामुळे ओव्हरींचं काम नेमकं कधी थांबलं ते बाहेरून कळत नाही.

डॉक्टरांना आणखी काही गोष्टी सांगा: आजीचा खुबा मोडला होता का, साधं घसरून आईंचं मनगट कधी मोडलं का, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या ३ महिन्यांहून जास्त घेतल्या का, थायरॉइडची गोळी चालू आहे का. वजन फार कमी असेल तर तोही धोकाच. मिश्री लावत असतील तर लपवू देऊ नका, तीही तंबाखूच.

पहाटेचं चालणं हाडांसाठी चांगलंच, ते सोडायचं नाही. मात्र त्या कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारसं मिळत नाही. रक्ततपासणीत तेही बघून घ्या.

सोसायटीच्या शिबिरात टाचेवर मशीन लावून करतात त्या तपासणीवर भागवू नका. कंबर आणि खुबा, दोन्हींचा डेक्सा करा. दुखत नाही, थोडा वेळ पडून राहायचं असतं. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती, तो आकडा. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली आला तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. त्यावर हाड मोडण्याचा धोका कमी करणारी औषधं आहेत, ती कोणती आणि किती काळ घ्यायची हे डॉक्टरांकडून समजून घ्या. उणे १ ते उणे २.५च्या मधे आला, तर वर सांगितलेल्या गोष्टी जमेस धरूनच ते औषधाचं ठरवतील, म्हणून डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.