दोन वर्षांत शोषखड्डे तुंबले; १२०० वस्तीच्या गावाने आता भूमिगत गटार करावी का?

नळयोजना आली, घरोघरी सांडपाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डे झाले, ते दोन पावसाळ्यांत भरले आणि आता ग्रामसभा भूमिगत गटार मागतेय, असं तुम्ही लिहिलंय. ठराव घेण्याआधी तुंबलेला एक खड्डा उकरून बघा. वरचे दगड हाताला बुळबुळीत लागतील. त्यांवर साबण-तेलाचा राखाडी थर, मध्ये केस, भाताची शितं, भांडी घासायची राख. खालचा मुरूम बहुधा चांगलाच निघेल. खड्डा मरतो तो गाळामुळे. हा गाळ दगडांपर्यंत पोचण्याआधीच अडवायला हवा. नांदेड जिल्ह्यात ‘जादुई खड्डे’ गाजले, त्यांची सगळी जादू मधल्या टाकीत आहे.

खड्डा लांब-रुंद-खोल ४ फूट. तळाला फूटभर डबर, त्यावर मधोमध २ फूट व्यासाची, ३ फूट उंच, तळ बंद असलेली सिमेंटची टाकी. काठापासून १० इंच खाली चारी बाजूंना ३ इंची भोकं पाडून आतून खाली वळलेले एल्बो (पाईपाचे कोपरे) बसवा, म्हणजे तरंगणारं तेल आतच राहतं. घराचा पाईप मात्र काठापासून ५ इंच खाली, म्हणजे भोकांच्या वर यायला हवा. पातळी उलटी झाली की न्हाणीत पाणी तुंबतं. टाकीभोवती दगडच भरा. विटांचे तुकडे विरघळून चिखल होतो. दगडांवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून मग माती टाका, आणि झाकणाला फट ठेवू नका, डास तिथूनच शिरतात.

माणशी ५५ लिटर पुरवठ्यातलं सुमारे ४४ लिटर सांडपाणी होतं, म्हणजे पाच माणसांच्या घराचं २२० लिटर. टाकीत भोकांखाली १९० लिटर मावतं, त्यामुळे पाणी जवळपास दिवसभर थांबतं आणि गाळ खाली बसतो. शेजाऱ्याचं पाणी किंवा पागोळ्या त्याच टाकीत सोडल्या की हा हिशेब कोलमडतो. दर तीन महिन्यांनी वरची साय काढायची, तळाचा काळा गाळ डब्याने उपसून उन्हात वाळवायचा. जुने खड्डे मोडू नका. दगड काढा, धुवा, टाकी बसवा आणि पुन्हा भरा.

आधी जमीन तपासा. फूटभर रुंद खड्डा रात्रभर पाण्याने भरून ठेवा, सकाळी सहा इंच पाणी ठेवून तासाभराने मोजा. इंचभरही उतरलं नाही तर तिथे शोषखड्डा नको. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाटा बुजवते. विहिरीपासून किमान १५ मीटर लांब राहा.

गावठाणात दाटीने राहणाऱ्या, खड्ड्याला जागा नसलेल्या, समजा ६०० जणांचं सुमारे २६,००० लिटर पाणी तरीही उरेल. ते उघड्या पक्क्या गटारीने, जाळी आणि गाळाच्या हौदातून, गावाबाहेर तीन तळ्यांत न्या. पहिलं ८ ते १० फूट खोल, दोन दिवस पाणी थांबेल असं. दुसरं ४ ते ५ फूट, आठवडाभराचं. तिसरं तेवढंच खोल, चार-पाच दिवसांचं. बांधांसकट पाच-सहा गुंठे पुरतात, आणि इथे काळी माती उलट उपयोगी पडते, कारण पाणी झिरपत नाही. हे पाणी झाडांना, चाऱ्याला द्या. कच्च्या खायच्या भाज्यांना नको.

भूमिगत गटारीला माझा ठाम विरोध आहे. मलवाहिनी असलेल्या शहरांत माणशी १३५ लिटर पाणी धरतात. ५५ लिटरच्या धारेला घाण वाहून नेण्याचा जोर नसतो, आणि चेंबर साफ करायला शेवटी कुणाला तरी आत उतरवतात. हे होता कामा नये. पैशांचंही बघा: स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० लोकवस्तीपर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये ठरले, म्हणजे तुम्हाला ३,३६,००० रुपये. यात वरची कामं बसवता येतात, भूमिगत गटार बसत नाही.

तळी खोदण्याआधी गल्लीतून फिरून एक गोष्ट शोधा: संडासाच्या टाकीचा पाईप गटारीत किती घरांनी सोडलाय. शौचालयाचं पाणी या गटारीत किंवा शोषखड्ड्यातल्या टाकीत येऊ द्यायचं नाही. त्या घरांना दोन शोषखड्ड्यांचा संडास करून द्या, निदान त्या पाईपाला वेगळा शोषखड्डा तरी.